गाडी गार असतानाच बघायची असते

डिसेंबर लागला की नांदेड-लातूर पट्ट्यातल्या गॅरेजांवर एक तक्रार हमखास येते. सकाळी गाडी उचलत नाही. एकदा चालू झाली की दिवसभर काही त्रास नाही. ऐकायला सोपी, पण पकडायला अवघड. कारण गॅरेज उघडतं दहाला. तोवर मालकाने दहा वेळा सेल्फ मारून, शेवटी चार माणसं गोळा करून धक्का देऊन गाडी चालू केलेली असते आणि चालवतच गॅरेजला आणलेली असते. इंजिन गरम, दुखणं गायब. मग अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रडकथा.

माझ्या मामेभावाची जुनी डिझेल जीप आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत तो लातूरला प्रवासी नेतो. पहिल्या फेरीला क्लासची पोरं असतात, दवाखान्याची तारीख असलेले पेशंट असतात. ही फेरी लागली तर डिझेल सुटून घरात चार पैसे येतात. बुडाली की दिवस अंगावर. मागच्या हिवाळ्यात जीप रोज सकाळी अडू लागली. एका गॅरेजमध्ये आधी नवी बॅटरी टाकायला लावली. फरक पडला नाही, तेव्हा सांगितलं, कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन काम करावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात भाभीच्या दागिन्यांचा विषय निघाला. गहाण ठेवण्याआधी एकदा दाखवू म्हणून आम्ही देगलूर नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी बॉनेटला हात लावला नाही. तीन गोष्टी विचारल्या. सेल्फ जोरात फिरतो की ओढत? फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का? आणि भर दुपारी चार-पाच तास उभी राहिली तर कशी चालू होते? भावाला पहिल्याचं उत्तर होतं, पुढच्या दोन्हींचं नव्हतं. चाचा म्हणाले, “रातभर इधरीच रहने दे. फजर के बाद देखतूं.”

पहिला प्रश्न बॅटरीचा. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. म्हणजे कमाई कमी आणि खर्च जास्त. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर संशय बॅटरीवर. बॅटरी चांगली असून सेल्फ ओढत असेल तर टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि अर्थिंगची पट्टी आधी साफ करायची. त्याला गरम पाणी आणि पॉलिश पेपर पुरतो.

दुसरा प्रश्न धुराचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेल आपोआप पेट घेतं. गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून बऱ्याच इंजिनांना हीटर प्लग दिलेले असतात. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा, मग कॉम्प्रेशन. धूरच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सकाळी दोन गोष्टी एकदम झालेल्या असतात: गाडी गारठलेली असते आणि ती बराच वेळ उभी असते. आपण दोष थंडीला देतो. पण दुपारच्या उन्हात उभी राहूनही ती तशीच अडत असेल, तर थंडी निर्दोष आहे.

फजरनंतर आम्ही पोचलो. सेल्फ झपाट्याने फिरत होता, धुराचा पत्ता नव्हता. चाचांनी डिझेल फिल्टरजवळचा हँड पंप घट्ट लागेपर्यंत दाबला आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. जीप लगेच चालू झाली. तरी ते थांबले. दुपारभर जीप उन्हात ठेवली, असरच्या सुमारास पुन्हा सेल्फ मारला आणि ती सकाळसारखीच अडली. मग डिझेलच्या लाईनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. त्यात बुडबुडे दिसले. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाईपला क्लिपखाली बारीक चीर होती. तिथून हवा शिरायची आणि डिझेल मागे टाकीत उतरायचं. नवा पाईप, दोन क्लिपा, मजुरी. बिल पाचशेच्या आत. दागिने घरातच राहिले.

याला मी विद्या म्हणतो. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, स्वस्त कारण आधी बघायचं, पुरावा मिळेपर्यंत पार्ट बदलायचा नाही. चाचा चौथीपर्यंत शिकलेत. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात वाहनदुरुस्तीच्या धंद्यात मुस्लिमांचं प्रमाण मोठं असल्याची नोंद आहे. आपल्याकडे ती वाचून कुणी हळहळतं, कुणी हिणवतं. त्या हातांत काय ज्ञान आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

पण नुसत्या कौतुकाने भागणार नाही, कारण गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. नव्या पेट्रोल गाडीत कूलंटचा सेन्सर बिघडून गार इंजिन गरम असल्याचं सांगत असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी अडते. हे कानाला ऐकू येत नाही. स्कॅनर लावावा लागतो. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. पहाटे एक आकडा १४ आणि दुसरा ७० दिसला तर चोर सापडला. पण तेही गार इंजिनावरच कळतं. स्कॅनर कधी लावायचा हे स्कॅनर सांगत नाही.

चाचांकडे एक सतरा वर्षांचा शागिर्द आहे. आठवीत शाळा सुटली. आवाजावरून दोष ओळखतो, स्कॅनरही चालवतो. पण आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला दहावी पास लागते, आणि कागद नाही म्हणून मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला फार तर गाड्या धुवायला ठेवतील. मोहल्ल्यात आपण शाळेतला पोरगा आणि गॅरेजमधला पोरगा असे दोन ढीग करून ठेवलेत. पहिल्याच्या हाताला काम येत नाही आणि दुसऱ्याच्या हातात कागद येत नाही.

चाचांनी यंदा त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावलाय. मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे. संध्याकाळी सहानंतर त्याला कामाला हात लावू देत नाहीत. गणित आणि इंग्रजी शिकवायला माणूस हवा होता. इंग्रजी मी घेतोय. गणितासाठी कुणी नांदेडात असेल तर कळवा.