आठ दिवसांचे लडाख

आठ दिवसांच्या रजेत लडाख ‘करून’ येणारी मंडळी हल्ली फार वाढली आहेत. आम्हा मराठीच्या मास्तरांना या क्रियापदाची मौज वाटते. काशी करावी, रामेश्वर करावे. पण लडाखला गेल्यावर पहिले दोन दिवस काहीच करायचे नसते!

कारण साधे आहे. कळसूबाईचे शिखर सुमारे ५४०० फूट. लेह साडेअकरा हजार फुटांवर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. आणि दिल्लीचे विमान तुम्हांला तेथे दीड तासाच्या आत नेऊन ठेवते. तेथे तीन श्वास घ्यावेत तेव्हा मुंबईच्या दोन श्वासांइतका प्राणवायू मिळतो. शरीर ही तूट हळूहळू भरून काढते, पण त्याला अवधी हवा. म्हणून पहिला दिवस अंथरुणात, दुसरा बाजारात रमतगमत. पाणी भरपूर प्यावे, मद्य वर्ज्य. गोळ्या घ्यायच्या त्या निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून. शेजारच्या बाकावरील सद्‌गृहस्थांना विचारून नव्हे.

डोके दुखले, मळमळले, तर आणखी उंच जाऊ नये. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला ओला झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे व दवाखाना गाठावा. ‘पैसे भरले आहेत’ ही सबब फुप्फुसे ऐकत नाहीत. तरणीताठी माणसेही यातून सुटत नाहीत. उलट जोमाच्या भरात तीच अधिक धावपळ करतात.

खारदुंग घाटावरच्या फलकाने कित्येक वर्षे १८३८० फुटांची ग्वाही दिली. नव्या मोजणीत तो १७५८२ भरला. आपल्याला तेवढाही पुष्कळ आहे! फोटो काढून पंधरा मिनिटांत निघावे.

पँगाँग सरोवर सर्वांच्याच यादीत असते. रंग अपूर्व खरे, पण ते सुमारे चौदा हजार फुटांवर आहे आणि रात्र जड जाते. वेळ थोडा असेल तर मी ते सोडून नुब्रा खोऱ्यातील तुर्तुकला जाईन. हे बाल्टी लोकांचे गाव लेहहून खाली आहे, श्वासाला सुखाचे. डिसेंबर १९७१ पर्यंत ते पाकिस्तानच्या ताब्यात होते. त्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने ते घेतले. गाव जागच्या जागी राहिले आणि सीमाच पलीकडे सरकली. कामधंद्यासाठी पलीकडे गेलेली माणसे तिकडेच अडकली. कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा. पर्यटकांना हे गाव खुले झाले २०१० मध्ये.

तेथे घराघरांत डोकावत, बायकांचे फोटो टिपत हिंडू नये, आधी विचारावे. पलीकडच्या नातलगांची चौकशी आपण होऊन करू नये. सैन्याचे पूल, चौक्या कॅमेऱ्यात घेऊ नयेत. परवान्यांचे नियम बदलत असतात, ते लेहमध्ये विचारून घ्यावेत; ओळखपत्राच्या चारपाच प्रती आणि रोख पैसे जवळ असावेत.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये गेलात, तर जर्दाळू झाडावरून उतरलेलेच खावेत. आपल्या बाजारातल्या सुक्या जर्दाळूवरून त्यांची कल्पना येणार नाही.