घाटाच्या राजाची वाट

नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला जाणारी रेल्वे रात्रभर पठारावरून धावते. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, लोणावळाही जवळपास तेवढंच. आपण मराठवाड्यातली माणसं किती उंचावर राहतो, हे खंडाळ्याला पठार संपून खाली कोकण दिसलं की कळतं. हाच बोरघाट. गाडी तो उतरते. मुंबई-पुणे शर्यतीतले सायकलपटू मात्र तो खोपोलीकडून चढतात. तीच चढण पाहायला मी खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर निघालो.

मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची. सपाटीवर पुढचा गडी वारा कापतो, मागचे त्याच्या आडोशाला दम राखतात. खोपोली सुटली की चढावर वेग पडतो आणि आडोसा फारसा उपयोगी येत नाही. ज्याच्या मांड्यांत बळ आणि छातीत दम, तोच पुढे. माथा पहिला गाठणारा ‘घाटाचा राजा’. टूर द फ्रान्समध्येही १९३३ पासून डोंगरचढाईचा मान वेगळा दिला जातो.

अर्ध्या चढावर शिंगरोबाचं देऊळ लागतं. इथे येता-जाता चालक हात जोडतात, नाणं टाकतात. शिंगरोबा धनगर. इंग्रजांना घाटाची वाट त्यानेच दाखवली आणि काम होताच त्यांनी त्याला ठार केलं, असं इथले लोक सांगतात. गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. त्याच्या कितीतरी आधी, १६६१ च्या फेब्रुवारीत, शिवाजी महाराजांनी जवळच्या उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली होती. ही डोंगररांग जाणत्याला साथ देते, परक्याला अडवते.

पुढे रेल्वेनेही हाच डोंगर फोडला. १८५६ ते १८६३ या काळात पंचवीस बोगदे खोदले गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं. कॉलरा, ताप आणि अपघातांत हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

घाटाचा राजा होणाऱ्याचा मान खराच आहे, कारण तो स्वतःच्या पायांनी कमावलेला असतो. पण ज्या घाटात तो जिंकतो, त्याची वाट लोकांच्या सांगण्याप्रमाणे शिंगरोबाने दाखवली आणि त्यातला लोहमार्ग मजुरांनी घडवला. नांदेड-लातूरच्या वाचकांनो, पुण्याहून मुंबईला जाताना एकदा द्रुतगती मार्ग सोडा, जुन्या घाटाने जा आणि शिंगरोबापुढे थांबून या सगळ्यांना हात जोडा.