पार्क सिटीचा बर्फ आणि अप्रमाद

अमेरिकेच्या युटा राज्यातील पार्क सिटी हे एकेकाळचे चांदीच्या खाणकामगारांचे गाव. आता खाणी बंद आहेत आणि डोंगरउतारावर बर्फाचे खेळ चालतात. ते पाहताना आम्हांला मौज वाटली, तशी धास्तीही वाटली. एका भागात मुद्दाम बर्फाचे उंचवटे रचलेले, लोखंडी दांडे रोवलेले. मुले-मुली पायांना फळ्या बांधून त्यांवरून हवेत उड्या घेतात. याला टेरेन पार्क म्हणतात.

याच गावी, उभ्या चिरलेल्या नळीसारख्या बर्फाच्या घळीत, 10 जानेवारी 2012 रोजी सराव करताना कॅनडाची सारा बर्क पडली. डोक्यावर हेल्मेट होते. परंतु मानेतील रक्तवाहिनी फाटली. नऊ दिवसांनी ती गेली. वय अवघे 29. या खेळात स्त्रियांनाही ऑलिम्पिकचे दार उघडावे म्हणून ती झगडली होती. 2014 साली सोची येथे स्त्रिया उतरल्या. ती मात्र नव्हती.

तो सराव खाजगी प्रायोजकाच्या कार्यक्रमातला, म्हणून क्रीडा संघटनेचा विमा लागू झाला नाही. इस्पितळाच्या बिलासाठी लोकांनी वर्गणी जमवली.

लहान उडीपासून सुरुवात करा, वेग आधी ठरवा, पुढे कोणी पडले नाही ना ते पाहा, आपली पाळी पाळा, हे तेथील साधे नियम. तथागतांनी शेवटी अप्रमादच सांगितला. आमच्या मुलांनी जरूर खेळावे. पण मैदान असो की कंत्राटी काम, आधी विचारावे : अपघात झाला तर जबाबदार कोण?

जय भीम!