रांगणाऱ्या उंचीवरून

दुपारी बाळ झोपल्यावर आज मीच हॉलभर रांगून पाहिलं. तिच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. सोफ्याखाली उपासाचे सांडलेले शेंगदाणे, टीव्हीमागे लोंबणारी वायर आणि कोपऱ्यात रिमोटमधून निसटलेला बटणासारखा चपटा सेल. तो हातात घेतला आणि पोटात गोळाच आला. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही आतून भाजू शकतं. शेंगदाणा श्वासनलिकेत जाण्याचा घोर वेगळाच.

मग न्हाणीघर. पाणी सकाळी तासभरच येतं, म्हणून बादल्या भरून ठेवायची आमची सवय. पण बाळाचं डोकं जड असतं, वाकलं की तोल जातो, आणि थोड्याशा पाण्यातही जीव जाऊ शकतो. आता पाणी झाकणाच्या उंच पिंपात, बादल्या पालथ्या, दाराला बाहेरून वरची कडी. फिनेलची बाटली माळ्यावर.

सगळंच बंद करून टाकावं असं वाटत होतं. पण मग तिनं शोधायचं काय? स्वयंपाकघरातला खालचा एक खण मुद्दाम उघडा ठेवला. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी डाव, चाळणी.

उठल्यावर ती थेट तिकडेच गेली. आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय पडलं?"

"काही नाही आई, वाजवतेय ती."