वडिलांची सही आणि घरावरची जप्ती

नवं-जुनं करणे म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. मार्च आला की सोसायटीचे जुने कर्ज भरायचे आणि पावतीची शाई वाळायच्या आत नवे उचलायचे. मुंबईतही नोकरदार माणूस तेच करतो, फक्त पिकाऐवजी घरावर. एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेकडून फेडून घ्यायचे, व्याज थोडे कमी पडते आणि गरज असेल तर चार पैसे जास्तही मिळतात. आमच्या लालबागच्या घरावर २०२२ साली आम्ही हेच करायला निघालो, आणि वाटेत वडिलांची एक जुनी सही आडवी आली. तुमच्यापैकी पुष्कळांनी कुणाकुणाला जामीन राहून सह्या केल्या असतील, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आमचे आप्पा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो घरांची चूल त्यात विझली. आप्पांना पुढे दुसरीकडे रखवालदारी मिळाली. त्यांच्या जोडीदाराला काहीच मिळाले नाही. १९९६ साली त्या जोडीदाराने मसाला कुटायचे यंत्र घेण्यासाठी एका सावकाराकडून चाळीस हजार उचलले. जामीन म्हणून सही आप्पांची. यंत्र चालले नाही. १९९८ मध्ये दावा झाला, २००३ मध्ये दोघांविरुद्ध हुकूमनामा झाला. मुद्दल, तोवरचे व्याज आणि खर्च मिळून साठ हजार, आणि पुढे चाळीस हजारांवर सालीना सहा टक्के.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जामीन म्हणजे केवळ साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि वेगळा करार नसेल तर धनको आधी कर्जदाराकडे न जाता थेट जामीनदाराला धरू शकतो. ज्याच्याकडे काही आहे त्यालाच तो धरतो, हे ओघाने आलेच.

आता आप्पांकडे काय होते? चाळीतली भाड्याची खोली. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये १९७६ साली झालेल्या दुरुस्तीमुळे, भाडेनियंत्रण कायद्याखालच्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क पैशाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. त्याच कलमाने शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्याला लागणारी जनावरे, बी-बियाणे आणि तो राहतो ते घर यांनाही संरक्षण आहे. (जमिनीला नाही, आणि घर स्वतः गहाण टाकले असेल तर त्या गहाणापुरते हे कवच उपयोगी पडत नाही.) म्हणजे खोली भाड्याची होती तोवर सावकाराचा हात तिथे पोचत नव्हता. पण २००६ साली चाळीचा पुनर्विकास झाला, खोलीच्या बदल्यात मालकीचा फ्लॅट मिळाला, थोड्या जादा जागेसाठी आप्पांनी बँकेचे कर्ज काढले, आणि साऱ्या चाळीने पेढे वाटले. मालक झालो आणि कवच गेले! २००८ मध्ये सावकाराने दरखास्त दाखल केली, २००९ मध्ये जप्तीचा हुकूम निघाला.

अशा हुकुमाची रीत जुनी आहे. जागेवर किंवा जवळपास दवंडी पिटायची, हुकुमाची प्रत जागेवर आणि कोर्टात ठळक ठिकाणी डकवायची. जमीन महसूल भरणारी असेल तर कलेक्टर कचेरीत, आणि गावातली असेल तर ग्रामपंचायतीतही. आमच्या दारावर तो कागद लागला तेव्हा आम्ही दोघे भाऊ कामावर होतो. आईने पाहिला. आप्पा तिला म्हणाले, "पोरांना काही बोलू नकोस, मी बघतो." दरखास्त कोर्टात रेंगाळली. २०१५ साली आप्पा गेले. आई बोलली नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कोर्टाचा निकाल नोंदवला की ऋणकोच्या घराजमिनीवर बोजा बसतो. आपल्याकडे नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्याने बोजा चढत नाही, जप्ती करावी लागते. जप्तीने मालकीही जात नाही. पण कलम ६४ प्रमाणे जप्तीनंतर केलेली खासगी विक्री, गहाण, बक्षीस हे सारे त्या जप्तीखालच्या देण्यापुरते निरर्थक ठरते. नव्या बँकेच्या वकिलाला सोसायटीच्या फायलीत त्या हुकुमाची प्रत सापडली आणि त्याने कागद मिटून ठेवले, ते एवढ्यासाठी. जुन्या बँकेचे गहाण २००६ चे, म्हणून ते जप्तीच्या पुढे. ते फेडून नवे गहाण दिले की नवी बँक रांगेत मागे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे, नोंदणीकृत दस्तात तसे कबूल केले तर जुने गहाण फेडणारा जुन्याच्या जागी बसू शकतो. पण तो तेवढ्या रकमेपुरता. आमचे जुने देणे दोन लाखांच्या आत उरले होते आणि भावाला मुलीच्या शिक्षणासाठी आठ लाख हवे होते. वरच्या रकमेला ती वाट नव्हती.

धाकटा भाऊ चिडला. "बारा वर्षं उलटली की हुकूमनामा मरतो," असे त्याला कुणी सांगितले होते. ते अर्धेच खरे. दरखास्त बारा वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. ती २००८ मध्येच झाली होती आणि प्रलंबित होती. दुसरे त्याचे म्हणणे, "सही आप्पांची, आम्ही का भरावे?" वारसाला वडिलांचे असे देणे फक्त वारशाने आलेल्या मालमत्तेपुरते लागते, आमच्या पगाराला किंवा भावजयीच्या दागिन्यांना नाही. पण फ्लॅटच वारशाचा, आणि त्याची किंमत देण्याच्या कितीतरी पट.

बहीण कोरेगाव तालुक्यात दिली आहे, घरची शेती. हक्कसोड करून दे म्हणजे तुला त्रास नको, असे आम्ही सुचवले. ती म्हणाली, "दादा, हिस्सा घेताना आप्पांची लेक आणि देणं देताना परकी, असं मला नको." आई, आम्ही दोघे आणि ती, असे चौघे सारखे वारस.

सावकार वारला होता. त्याचा मुलगा भेटला. हिशेब एक लाख पाच हजार सहाशे. आईने मग ट्रंकेतून एक चिठ्ठी काढली. त्या जोडीदाराने २०११ साली पंधरा हजार हातोहात दिल्याची पोच, सावकाराच्या सहीची. वकील म्हणाले, कायद्याने हिचा आता उपयोग नाही. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवायचे असतात, ऋणकोने अर्ज करायची मुदत तीस दिवस. नोंद नसलेली रक्कम दरखास्तीचे कोर्ट धरत नाही. किती गरीब माणसांनी असे दोनदा पैसे भरले असतील! १८७५ साली सुप्याला आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यात असल्याच हिशेबांचा जाळ होता. आमचे नशीब चांगले. मुलाने बापाची सही ओळखली आणि ती रक्कम मिळाल्याचे स्वतः कोर्टात कबूल केले. धनकोने सांगितले तर कोर्ट नोंद घेते.

उरले नव्वद हजार सहाशे. चौघांनी बावीस हजार सहाशे पन्नास प्रत्येकी काढून कोर्टात भरले. कोर्टात भरणा झाला की जप्ती उठली असे धरले जाते. हवे असेल तर आपल्या खर्चाने तिचीही दवंडी देववता येते. आम्ही दवंडी दिली नाही. नक्कल मात्र दोन काढल्या, एक सोसायटीला, एक बँकेला. तुमच्या जमिनीवर असा बोजा असेल तर ती नक्कल तलाठ्याकडे देऊन सात-बाराच्या इतर हक्कातला शेरा फेरफाराने कमी करून घ्या. पैसे भरले म्हणून तो आपोआप पुसला जाईल, असे धरून बसू नका.

जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून मागता येतात. तो जोडीदारही आता नाही. गावी त्याची बायको आहे. तिला पत्र लिहायचे भावाने काढले, आईने लिहू दिले नाही. भावाला ते अजून पटलेले नाही, आणि त्याचे अगदीच चुकते असे मला म्हणवत नाही.

या साऱ्यात चार महिने गेले. मुलीच्या फीची मुदत तोवर टळून जायची, म्हणून पहिला हप्ता भावजयीने पाटल्या गहाण टाकून भरला. कर्ज हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आधी पाटल्या सोडवायला गेला.