कॅमेरा जुना, हात जाणता

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाढदिवसाचा केक कापून होईपर्यंत चाळीस फोटो निघालेले असतात आणि त्यांचा वेगळा खर्चही नसतो. अशा दिवसांत घरातल्या कुणी रोल घालायचा, चाळीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा तीस हजार रुपये मोजून घ्यायचं ठरवलं, तर घरचे विचारणारच, 'डोकं ठिकाणावर आहे ना?'

पुण्यातल्या एका घरात हा प्रश्न सुनेला विचारला गेला. वय अडतीस, खासगी कंपनीत हिशेब सांभाळणारी, पैसा उधळणाऱ्यांतली मुळीच नव्हे. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, "तेवढ्यात नवा फोन येईल." घरात एकटे सासरेच काही बोलले नाहीत. तालुक्याच्या गावी त्यांनी तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. याशिका ६३५ या कॅमेऱ्यावर त्यांनी किती नवरा-नवरींना पाटावर बसवलं असेल, याची गणती नाही. डिजिटल आलं, स्टुडिओ बंद झाला आणि एन्लार्जर भंगारात गेला. पुढे काचबिंदूनं नजरेच्या कडा खाल्ल्या. तेव्हापासून त्यांनी कॅमेऱ्याचा विषय काढला नव्हता. पण सुनेनं 'निकॉन एफ-३' असं नाव घेताच ते म्हणाले, "घ्यायला जाशील तेव्हा मला सोबत ने."

एफ-३ बाजारात आला १९८० मध्ये. त्याचं बाह्यरूप इटलीच्या जॉर्जेटो जुजारो यांनी आखलं. ते मोटारींचे नामवंत आरेखनकार. मुठीजवळची लाल रेघ ही त्याची खूण. तो २००१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिला. ज्यांचं पोट फोटोंवर चालायचं, त्यांच्यासाठी तो घडवलेला होता. गावातल्या स्टुडिओवाल्याला तो परवडणं शक्यच नव्हतं. सासऱ्यांनी तो फक्त सभांमध्ये, मुंबईहून आलेल्या छायाचित्रकारांच्या गळ्यात पाहिला होता.

असा कॅमेरा आज जुनाच घ्यावा लागतो. निकॉननं आपले बहुतेक फिल्म कॅमेरे थांबवत असल्याचं २००६ मध्ये जाहीर केलं. कॅननचा ईओएस-१व्ही २०१८ मध्ये आणि निकॉनचा एफ-६ २०२० मध्ये बंद झाला. दरम्यान २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्मही इतिहासजमा झाली. मग वारं थोडं उलट फिरलं. कोडॅकनं २०१८ मध्ये एक्टाक्रोम परत आणली, लायकानं २०२२ मध्ये एम-६ पुन्हा काढला, २०२४ मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तरी निकॉन-कॅननचा व्यावसायिक फिल्म कॅमेरा हवा असेल, तर मुंबईत फोर्टातल्या, दिल्लीत चांदणी चौकातल्या किंवा कोलकात्याच्या मेट्रो गल्लीतल्या दुकानांचे उंबरे झिजवावे लागतात.

सून-सासरे फोर्टात गेले. दुकानदारानं काचेच्या कपाटातून कॅमेरा काढला. कडांवरचा काळा रंग झिजून आतला धातू चमकत होता. सून नाराज झाली, सासरे खूश. "अगं, कपाटात पडून राहिलेल्यापेक्षा वापरलेला बरा. वापरणाऱ्यानं तो चालता ठेवलेला असतो."

मग त्यांनी शटर एका सेकंदावर लावून बटण दाबलं. लगेच 'खट्' झालं. त्यांनी मान हलवली, "गेलाय." दुकानदार हसला. या कॅमेऱ्याचा काउंटर एकवर येईपर्यंत शटर एकाच ठरलेल्या वेगानं चालतं, त्यानं समजावलं. लीव्हर दोन-तीनदा ओढून काउंटर एकवर आणला आणि पुन्हा बटण दाबलं. शटर उघडलं, सेकंदभर थांबलं, मिटलं. तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला सत्तरीत नवं काही शिकायला मिळालं, याचाच त्यांना आनंद झाला.

पाठीमागचं झाकण उघडून त्यांनी खाचेतल्या फोमवर नख फिरवलं. काळा चिकट भुगा निघाला. अशा कॅमेऱ्यातून उजेड आत झिरपतो आणि फिल्म खराब होते. पण फोम बदलणं स्वस्त काम आहे. लेन्स मात्र त्यांनी नाकारली. टॉर्चचा झोत पलीकडून टाकल्यावर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सला हा रोग हमखास जडतो. म्हणून दुसरी लेन्स निवडली आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायचं ठरलं.

शेवटी दुकानदारानं एक धोका स्वतःहून सांगितला. एफ-३चं शटर विजेवर चालतं. त्याला लागणाऱ्या एलआर-४४ या बटणासारख्या दोन बॅटऱ्या घड्याळाच्या दुकानातही मिळतात, पण आतलं सर्किट गेलं तर सुटा भाग मिळवणं कठीण. ज्याला हा घोर नको, त्यानं यांत्रिक शटरचा एफएम-२ घ्यावा. त्याचा फक्त प्रकाशमापक बॅटरीवर चालतो. सुनेनं रात्रभर विचार करायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी एफ-३च घेतला.

खर्च इथे संपला नाही, सुरू झाला. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून एका फ्रेमला चाळीस रुपये पडतात, असा तिचा हिशेब निघाला. फोनवर पन्नासदा दाबणारं बोट आता बटणावर थबकू लागलं. पहिल्या रोलमध्ये खिडकीत बसलेल्या मुलीचा चेहरा काळा आला. कारण सासऱ्यांनी सांगितलं. हा कॅमेरा प्रकाश मोजताना मधल्या लहानशा वर्तुळाला ऐंशी टक्के महत्त्व देतो, आणि त्या वर्तुळात खिडकीबाहेरचं आभाळ आलं होतं. आधी चेहऱ्याजवळ जाऊन मोजायचं, मग मागे सरून फोटो घ्यायचा. रंगीत निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झाला तर चालतो, कमी झालेला नाही. रोल भरल्यावर लीव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का, तेही बघायचं. ती फिरली नाही तर फिल्म पुढे सरकतच नाही आणि छत्तीस फोटो कोरे जातात.

काळा-पांढरा रोल घरीच धुवायचा बेत झाला, तेव्हा खरी गंमत झाली. रसायन साधारण वीस अंशांवर हवं, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये नळाचं पाणीच त्याहून किती तरी गरम. परातीत बर्फ घालून बाटल्या गार केल्या. पण त्याआधी पूर्ण अंधारात फिल्म टाकीच्या रिळावर गुंडाळावी लागते. न्हाणीघराच्या दाराच्या फटी टॉवेलनं बुजवून सून आत गेली. वीस मिनिटं धडपडली, फिल्म मुडपली. अखेर हाक आली, "बाबा, जमत नाहीये."

सासरे आत गेले आणि दार पुन्हा लागलं. सांजवेळी जिन्याची पायरीही न दिसणारा हा माणूस. भाजीवाल्यानं परत दिलेली नोट डोळ्यांजवळ धरून बघतो. त्या मिट्ट काळोखात मात्र त्यांना कसलीच अडचण आली नाही. सुनेची बोटं आपल्या बोटांवर ठेवून घेत त्यांनी रीळ भरलं. फिल्म किंचित वाकवायची, दाबायची नाही, खाचेत बसल्याची खसखस कानांनी ऐकायची. दोन मिनिटांत टाकीचं झाकण लागलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिथं सगळ्यांचे डोळे सारखेच."

आता महिन्यातून एखाद्या रविवारी त्या घरात हायपोचा वास येतो. रीळ सूनच भरते. सासरे घड्याळ कानाशी धरून दाराबाहेर मिनिटं पुकारतात आणि नातीला टाकी कधी उलटी करायची ते सांगतात. तीस हजार वसूल झाले का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं. हिशेब सांभाळणाऱ्या बाईनं उत्तर देण्याऐवजी दोरीवर वाळणारी निगेटिव्ह उजेडात धरून त्याला दाखवली.

जुना कॅमेरा आज पैसे टाकून मिळतो. त्याची माहितीपुस्तिकाही मिळते. पण फिल्म खाचेत बसल्याचा आवाज ओळखणारी माणसं आपल्या गावागावांत बंद स्टुडिओंच्या मागच्या खोल्यांत बसून आहेत, आणि ती दरवर्षी कमी होताहेत. असा कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी त्यांच्यापैकी एखाद्याचं दार वाजवावं.