फिल्टर कागदाचा की कापसाचा?

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला किती हवा लागते? साधारण नऊ हजार लिटर. हिशोब सोपा आहे. एका किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे झाली अकरा किलो हवा. पंपावर दहा लिटर भरून घेतले की इंजिन नव्वद हजार लिटर हवा गिळणार हेही ठरून गेलं. आता ती हवा महाबळेश्वरची असती तर प्रश्न नव्हता. पण ती वसईची आहे, आणि त्यातही पूर्वेची!

आमचा आत्तेभाऊ वालीवच्या गाळ्यांमधून माल उचलतो आणि भिवंडीला पोचवतो. रोज. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी खड्डे, खडीचे डंपर आणि त्यांच्या मागे उडणारा धुरळा एवढं डोळ्यांसमोर आणावं. 2024 मध्ये तर महामार्गावरही डांबरावर काँक्रीटचा थर टाकायचं काम चालू होतं, वसई फाट्यापर्यंत जाईस्तोवर काच पांढरी व्हायची. व्हॅन लोनवर घेतलेली, हप्ते अजून दोन वर्षं. इंजिन खोलायची वेळ आली तर धंदा बंद आणि हप्ता चालू. (व्हॅन बहुतेक वेळ सीएनजीवर पळते, पण हवा तेव्हाही लागतेच, किलोमागे थोडी जास्तच.)

त्याला कुणीतरी सांगितलं की परफॉर्मन्स फिल्टर टाक, पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, आणि धुऊन परत वापरता येतो. "दादा, एकदाच पाच हजार टाकायचे आणि आयुष्यभर बघायला नको." असे प्रश्न घरात माझ्याकडे येतात, कारण मी इंजिनिअर. कॉम्प्युटरचा आहे हे आत्याला आजवर पटलेलं नाही.

तर हा फिल्टर म्हणजे जाळीच्या दोन थरांमध्ये कापसाच्या कापडाच्या घड्या, आणि त्यावर तेल. धूळ तेलाला चिकटते. कापडाची वीण सैल असल्याने हवा सहज जाते. यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव के अँड एन, 1969 साली कॅलिफोर्नियात केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड या दोघांनी सुरू केलेलं. दोघं मोटरसायकलवाले, गिऱ्हाईक रेसवालं. वस्तू चांगलीच आहे, यात वाद नाही. पण रेसचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर पळतं आणि वरचेवर खोललं जातं. भावाचं इंजिन सत्तरऐंशी हजार किलोमीटर झाले तरी कुणी खोलू नये अशी अपेक्षा आहे.

फिल्टर मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, आयएसओ 5011. ठरावीक धूळ सोडायची आणि किती अडली ते बघायचं. 2000 च्या दशकात अमेरिकेत ड्युरामॅक्स डिझेल ट्रकचे वेगवेगळे फिल्टर या पद्धतीने तपासले होते. त्यात कंपनीचा कागदी फिल्टर 99.93 टक्के निघाला आणि तेलाचा कापसाचा 96.8. भाऊ म्हणाला, "मग तीनच टक्क्यांचा तर फरक आहे!"

इथे माझं हापिस कामाला आलं. सर्व्हर 99.93 टक्के चालू म्हणजे वर्षातून सहा तास बंद. 96.8 टक्के म्हणजे वर्षातून साडेअकरा दिवस बंद. दुसऱ्या सर्व्हरवाल्याला नोकरीवर ठेवतील का? काय अडलं ते बघायचंच नाही, काय सुटलं ते बघायचं. शंभर ग्रॅम धुळीतली एकाची 0.07 ग्रॅम आत गेली, दुसऱ्याची 3.2 ग्रॅम. पंचेचाळीस पट. प्रत्येक गाडीत आकडे तेच येणार नाहीत, पण वीण सैल केली की धूळ जास्त जाणार, ही दिशा काही बदलत नाही. खडीच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, आणि केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असे तिचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये शिरून पॉलिश पेपरसारखं काम करतात. मग ऑइल कमी व्हायला लागतं, निळा धूर येतो, आणि मग तो माणूस येतो जो म्हणतो "इंजिन उतरवावं लागेल साहेब".

पिकअपचं म्हणाल तर फरक पडतो तो पूर्ण पाय दाबल्यावर. एरवी पेट्रोल आणि सीएनजीच्या गाडीत हवा मुद्दाम अडवून धरायचं काम थ्रॉटलच करत असतं. नळ अर्धा बंद असताना मागचा पाईप जाड करून काय उपयोग? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हेच तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये फिल्टर चोंदलेला असला तरी अ‍ॅव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, फक्त वेग पकडायला वेळ लागला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आणि कामणच्या रस्त्यावर पूर्ण पाय कोण दाबतो?

राहिले पैसे. कागदी फिल्टर तीनशेचा धरा. पाच हजारांत असे सोळा येतात. धुळीचा रस्ता म्हणून दर दहा हजार किलोमीटरला बदलला तरी एक लाख साठ हजार किलोमीटर निघाले. शिवाय कापसाचा फिल्टर धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग बेताने तेल लावायचं. जुलैमध्ये आमच्याकडे बनियन दोन दिवस वाळत नाही! तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्याच्या तारेवर जाऊन बसतं, तो खर्च आणखी वेगळा.

काहीजण तर फिल्टरचा डबाच काढून नुसता शंकू बसवतात. आवाज मस्त येतो, कबूल. पण जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याच्या पाण्यात गाड्या अडकल्या होत्या हे विसरू नये. हवेचं तोंड खाली आलं की इंजिन पाणी ओढतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

कागदाचीही कटकट आहेच. भिजला की संपला. आणि आपल्याकडे सर्व्हिसिंगला "हवा मारून दिलाय" म्हणतात तो प्रकार मला आवडत नाही. जवळून जोरात हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, जी डोळ्यांना दिसत नाहीत. थोडा मळलेला कागद उलट जास्त बारीक धूळ अडवतो. त्याला उगाच छेडू नये, वेळ झाली की सरळ बदलावा.

एवढं सगळं ऐकून भावाने कागदीच घ्यायचं ठरवलं. दोन घेतले, एक सीटखाली ठेवायला. बदलायला म्हणून डबा उघडायला गेलो तर एक क्लिप तुटलेली, कुणीतरी बाइंडिंग वायरने झाकण आवळलेलं, आणि त्या कोपऱ्यात आतल्या बाजूला धुळीची पिवळी रेघ. तिथून हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जात होती. क्लिप सुटी मिळत नाही म्हणाले, अख्खं झाकण घ्यावं लागलं. ते येईपर्यंत भावाने दोन दिवस व्हॅन काढली नाही.